धाकट्याचा चुकलेला अंदाज

माझा धाकटा भाऊ पडदे शिवतो आणि घरोघरी जाऊन बसवतो. आयुष्यभर मी नाटकाच्या पडद्यासमोर उभी राहिले, तो पडद्यामागे शिडीवर. आमच्या शहरात गाडीशिवाय पान हलत नाही, आणि कुठल्या रस्त्याला कधी किती वेळ लागेल हे धाकट्याला तोंडपाठ. दवाखान्यात जायचं असो की विमान पकडायचं असो, शेजारीपाजारी आधी त्याला विचारतात. तो क्षणभर डोळे मिटतो, मनातल्या मनात सगळ्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणतो आणि सांगतो, "चारला निघा. उड्डाणपुलाच्या वाटेला जाऊ नका."

त्याची बायको इस्पितळात नर्स. तिला तोच सोडायचा, तोच आणायचा. मग इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला हललं, आणि याची गिऱ्हाइकं या टोकाला. भावजय तिथल्या एक्स-रेवाल्याच्या गाडीतून येऊ-जाऊ लागली. धाकट्याने तिच्या परतीचाही अंदाज बांधला आणि त्या बेताने चहा टाकू लागला. ती दारात, चहा कपात. काही दिवस हे कौतुक चाललं. मग चहा निवू लागला. रोजच.

"ताई," तो मला म्हणाला, "रस्ता तोच, वेळ तीच, खड्डेसुद्धा तेच. मग हा वरचा वेळ जातो कुठे?"

"गर्दी असेल रे."

"गर्दी धरूनच सांगतोय." मग आवाज खाली आणून, "तो गॉगल लावतो. संध्याकाळी."

त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. एकीच्या खिडकीला दुसरीचा पडदा लावून आला. बायकोला सरळ विचारायची छाती होत नव्हती. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर?

शेवटी एका संध्याकाळी त्याने मला गाडीत घातलं आणि आम्ही तिच्या परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी दबा धरून बसलो. नाटकात मी कितीतरी संशयी नवऱ्यांच्या बायका केल्या; नवऱ्याच्या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ.

एक्स-रेवाल्याची गाडी आली. रस्त्याच्या कडेकडेने, मुंगीच्या पावलांनी. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. गॉगलवाले साहेब शेजारच्या सीटवर, दारावरचं हँडल घट्ट धरून. आणि स्टिअरिंगवर, ओठ आवळून, माझी भावजय.

धाकट्याने मान पुढे काढून पाहिलं. मग म्हणाला, "दुसऱ्या गिअरवरच रेटतेय. तिसरा टाकायला हवा होता."

मला वाटलं, सुटला बिचारा. पण मत्सर असा पहिल्या अंकात रंगमंच सोडत नाही. घरी आल्या आल्या त्याने तिला गाठलं. "माझ्याकडून शिकायला काय झालं होतं?"

"अहो, तुम्ही शेजारी बसून मिनिटं मोजली असती."

"आणि तो नाही मोजत?"

"ते डोळे मिटून बसतात. गॉगल त्याचसाठी."

मला हसू आवरेना. "वन्सं, तुम्ही तरी हसू नका," असं म्हणत तीच हसत सुटली. तो हसला नाही. त्या रात्री चहाची भांडी त्याने जरा जास्तच आवाज करत विसळली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली. मी मागे बसले. तिने गाडी मागे घेतली; फाटकाशेजारची कुंडी थोडक्यात वाचली. धाकट्याने शब्द गिळले. रस्त्याला लागल्यावर मात्र त्याला राहवेना.

"गाडी मागे घेताना तो काय म्हणायचा?"

"म्हणायचे, छान जमतंय."

धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला.

"मीही तेच म्हणणार होतो," तो म्हणाला.