हरकत हाय

आमच्या कंपनीत ‘हाय’ हा शब्द दिवसभर चाले आणि दोन माणसांच्या तोंडी त्याचा अर्थ क्वचितच एक असे. हडपसरला उसाच्या शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत मी जपानी दुभाषा म्हणून लागलो होतो. सकाळी लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण इंग्रजीतलं हाय म्हणे. लखनौहून आलेला प्रोग्रॅमर स्वतःची चूक सापडली की त्याच्याकडचं हाय म्हणून कपाळाला हात लावी. शेजारच्या टेबलावर जर्मनवाल्या बाई होत्या. त्यांच्या भाषेत हाय म्हणजे शार्क मासा, आणि ही माहिती त्या कुणी न विचारता देत. चिनीत त्याचा अर्थ समुद्र, असं पुढे कळलं, तेव्हा निदान त्या माशाची सोय झाली. काम वेळेत संपणार नाही म्हणून आमचा मॅनेजर अस्सल मराठी हाय खाऊन बसलेला असे. आणि फाटकावरचे वॉचमन, ज्यांच्या वाडवडिलांनी त्याच जागेवर ऊस तोडला होता, ते विचारत, “पास हाय का?”

माझं पोट जपानी हायवर चालत होतं. जपानीत हाय म्हणजे हो. पण आमच्या सरांनी एक खोच क्लासमध्ये घोटून घेतली होती. नकारार्थी विचारलं, तर हाय म्हणजे ‘तुमचं बरोबर, नाही’. “चहा नको ना?” यावर जपानी माणूस हाय म्हणाला, की चहा आणायचा नाही. क्लायंटसमोर हे चुकलं तर कपाळमोक्ष ठरलेला. म्हणून झोपेतून उठवलं असतं तरी मी बरोबर सांगितलं असतं.

टेस्टिंगमधल्या एका मुलीशी माझं जमलं. ती हडपसर गावठाणातली, म्हणजे कंपनीच्या खिडकीतून तिच्या घराची गच्ची दिसे. मी पुण्याच्या कसबा पेठेतला. माझी आई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. मुलगी पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा घाम पुसत म्हणाली, “बाहेर लई ऊन हाय.” आई “आहे” म्हणाली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलगी हसली, “हो, आहे” म्हणाली आणि पाणी प्यायली. त्यानंतर तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी समोरच्याचे शब्द दुरुस्त करणं पाहुणचारात धरतात.

लग्नाचं तिनं घरी सांगितलं. तिच्या वडिलांनी, आबांनी, मला एकट्याला भेटायला बोलावलं. ते कारखान्यात फोरमन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. एका रविवारी ती आईबरोबर मावशीकडे गेली असताना मी जाऊन पोचलो. आमची जात वेगळी, त्यामुळे त्यावरची उत्तरं मी बाइकवर पाठ करत गेलो होतो. पगार, फ्लॅट, परदेशी जावं लागेल का, याचीही तयारी होती. आबांनी यातलं काही विचारलं नाही. ते टीव्हीवरची मॅच बघत होते आणि मीही बघितली. शेवटी न राहवून मी आमच्या पेठी सभ्यतेनं विचारलं, “आबा, आपली काही हरकत नाही ना?”

आबा म्हणाले, “हाय.”

माझ्या डोक्यात क्लासमधले सर बोलले. नकारार्थी प्रश्न, उत्तर हाय, म्हणजे हरकत नाही. मी ताडकन उठलो, आबांच्या पाया पडलो, मनापासून आभार मानले आणि निघालो. ते पुढे काहीतरी बोलत होते, पण मी बाइकला किक मारली होती.

आईनं संध्याकाळपर्यंत निम्म्या कसब्याला कळवलं. सोमवारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसला गेलो. जर्मनवाल्या बाईंनी दोन घेतले. मग ती आली. डोळे सुजलेले होते.

आबांची हरकत आहे म्हणे. त्यांनी माझ्या तोंडावर तसं सांगितलं, कारणही सांगत होते, तर मी पाया पडून हसत निघून गेलो. आबांचं माझ्याविषयी मत वाईट झालं नव्हतं. पोरगा सालस आहे, पण त्याला ऐकू कमी येत असावं, असं ते म्हणत होते. कारण मात्र त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. ते मलाच सांगणार होते.

मी तिला जपानीतला नियम समजावून सांगायला गेलो. तिनं पेढ्यांकडे बघितलं आणि ती टेबलावरून उठून गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. तिच्या घरची माणसं नाही म्हणाली तर ती घर सोडून येणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिच्याशिवाय मला काही सुचलं नसतं. जातीवरची उत्तरं मी पुन्हा पाठ केली.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा घरात सगळे होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आबांनी टीव्ही बंद केला आणि कमी ऐकू येणाऱ्याशी बोलतात तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले.

“जातीचं काय न्हाय. पगाराचं न्हाय. तुमी चांगलं हायसा. पर ही आता घरात आहे-नाही बोलती. आईला म्हनती, असं न्हाय, तसं बोल. मागल्या महिन्यात शेजारनीसमोर आई हाय म्हनली, तर ही हसली. तवापासनं हिची आई हिच्यासमोर बोलायची बंद झाली. आजून लगीन बी न्हाय झालं आन् आमच्या घरात पाव्हणी बसलीया. ही हरकत हाय.”

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. माझ्या आईनं पुढे केलेल्या त्या पाण्याच्या तांब्यापलीकडे मला काही दिसेना. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला होता, आणि ती खरंच काही बोलत नव्हती. मी आल्यापासून त्या बाईंचा आवाज एकदाही ऐकला नाही, हे मला तेव्हा कळलं. फार लाज वाटली.

आबा मुलीकडे वळले. आवाज आपोआप खाली आला.

“तुझ्या मनात हाय का ह्यो?”

ती आबांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. आईकडे बघत होती. तिला तो एक शब्द उच्चारायला इतका वेळ लागला, की मला वाटलं आता सगळं संपलं.

“हाय,” ती म्हणाली. “आये, बोल की गं माझ्यासंगं. चुकलं माझं.”

आईनं पदर खाली घेतला. “बस खाली,” ती म्हणाली. “सकाळपास्नं उभी हायस.”