अण्णा इलेक्ट्रिक गाडीत बसले

माझे वडील आयुष्यात एकदाच इलेक्ट्रिक गाडीत बसले, आणि तेव्हा ते तांब्याच्या कलशात होते. (‘आयुष्यात’ म्हणणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण अण्णांच्या बाबतीत दुसरा शब्द अजून माझ्या तोंडात बसलेला नाही.)

मी ओस्लोत राहतो. परदेशातल्या मुलांचा दर रविवारी घरी फोन असतो. आमचं भांडण असायचं. अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जग दुरुस्तीला घेतलं. गारखेड्याच्या घरात ते फोन स्पीकरवर टाकून पलंगावर मांडी घालून बसायचे, आणि ‘जेवलास का’ विचारायच्या आधी सुरू व्हायचे.

“तुझी ती गाडी. वीज कुठून येती रं तिला?”

“धरणातून, अण्णा. इकडं सगळी वीज पाण्यावरची.”

“अन् समुद्रातलं तेल?”

“ते आम्ही विकतो.”

“व्हय का! सगळ्या जगाला तेल पाजायचं अन् आपण विजेवर हिंडायचं! दारूवाल्यानं गळ्यात माळ घातल्यासारखं झालं की हे!”

मग मी चीनवर जायचो, अण्णा परळीच्या वीजकेंद्रातल्या कोळशावर यायचे. ते बॅटरीसाठी खणलेल्या काँगोतल्या खाणी काढायचे, मी अमेरिकेची अब्रू काढायचो. (दोन्ही देशांना याची काहीच कल्पना नसायची.) मागून आईचा आवाज यायचा, “भाजी करपायली, जग ठेवा आता खाली!” फोन ठेवला की मी तासभर धुसफुसत असायचो, आणि सोमवारपासून पुढच्या रविवारचे मुद्दे काढायला लागायचो.

शेवटच्या रविवारी मी त्यांना पेचात पकडलं होतं. म्हणालो, “अण्णा, समजा जगातलं पेट्रोल संपलंच. मग काय कराल?” पलीकडं शांतता. अण्णा गप्प! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मग ते म्हणाले, “थांब. याचं उत्तर तुला पुढच्या रविवारी देतो.”

पुढचा रविवार आला, पण त्याच्या आधीच्या गुरुवारी अण्णा चहा पिता पिता गेले.

तिकीट एकच मिळालं, तेही दोन ठिकाणी विमान बदलून. बायको आणि मुलगी तिकडंच राहिल्या. मी घरी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. अग्नी ताईनं दिला होता. मुलगा म्हणून माझ्या वाट्याला आता एकच गोष्ट उरली होती: दहाव्याला पैठणला जायचं, अस्थी गोदावरीत सोडायच्या आणि पिंडदान करायचं. एवढं तरी नीट करायचं, असं मी विमानातच ठरवलं होतं.

आणि इथं माझी बुद्धी फिरली.

दारात अण्णांची जुनी पांढरी पेट्रोलची गाडी उभी होती. तिचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडतं आणि ती एकदा बंद झाली की धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही. दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, म्हणाले, “जाऊ की हिच्यातच. अण्णांची गाडी हाय.”

“नाही,” मी म्हणालो. “आपण इलेक्ट्रिक गाडीनं जायचं. अण्णांना एकदा तरी कळू दे.”

दाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू विमानात मला कुणी काहीतरी खायला घातलं असावं. पण सुतकाच्या घरात कुणी वाद घालत नाही. मी मात्र घालत होतो, तोही गेलेल्या माणसाशी. आता वाद जिंकायला काय हरकत होती? समोरून उत्तर येणार नव्हतं!

दाजींच्या ओळखीतल्या एकाची गाडी भाड्यानं आणली. आली तेव्हा बॅटरी जवळजवळ संपलेली होती. मी संध्याकाळी अंगणातल्या प्लगला वायर लावली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि मी भेटायला आलेल्या पाहुण्यांत जाऊन बसलो. एका म्हाताऱ्या काकांनी सहज विचारलं, “तिकडं थंडी असंल लई?” त्यांना मी उणे वीसमध्ये बॅटरी कशी टिकते, हे चहा थंड होईपर्यंत समजावलं. काका उठताना आईला म्हणाले, “पोराच्या मनावर लई परिणाम झालाय.”

सकाळी निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी दाजी, मागं आई. तिच्या मांडीवर लाल फडक्यानं तोंड बांधलेला कलश. ताई पूजेचं सामान आणि डबे घेऊन अण्णांच्या गाडीतून मागून येणार होती. निघताना आईनं बजावलं, “अस्थी घेऊन निघालं की माघारी वळायचं नाय. कुणाच्या घरात शिरायचं नाय. अन् कलश भुईला टेकवायचा नाय. त्यांच्या आईच्या टायमाला अण्णांनी सगळं पाळलं व्हतं.”

“काळजी करू नको,” मी म्हणालो. “आवाजसुद्धा येणार नाही गाडीचा.”

शहराबाहेर, नक्षत्रवाडी मागं पडल्यावर माझं लक्ष समोरच्या पडद्यावर गेलं. रात्रभर चार्ज झालेली गाडी, आणि बॅटरी कालच्यापेक्षा थोडीच जास्त! मी एसी बंद केला.

“मिलिंदराव, घाम फुटायलाय,” दाजी म्हणाले.

“निसर्गाची हवा घ्या, दाजी.”

“चार्जिंग कमी हाय का?”

“छे! हे आकडे फार सावध असतात. नॉर्वेत मी याहून कमीवर डोंगर चढतो.” (नॉर्वेत दर वळणावर चार्जर असतो, हे मी सांगितलं नाही.) तरी हळूच म्हणालो, “आई, शहरात परत जाऊन पाच-दहा मिनिटं चार्ज करून—”

“माघारी वळायचं नाय.”

“बरं.”

बिडकीन ओलांडलं. गाडी आपोआप हळू झाली आणि पडद्यावर कासवाचं चित्र आलं. दाजी पुढं वाकून बघायला लागले.

“हे कासव कशाला? देवळात असतंय तसं?”

“ते... बॅटरी वाचवा असा इशारा असतो.”

“मग दर्शन घेऊन ठेवू का? म्होरं देव काय करतोय ते बघू!”

देवानं लगेच केलं. एका लिंबाच्या झाडाखाली, चहाच्या हॉटेलसमोर, गाडी थांबली. आवाजसुद्धा आला नाही. दिलेला शब्द तेवढा मी पाळला.

हॉटेलवाल्या काकांकडं मी प्लग मागितला. ते म्हणाले, “प्लग हाय, लाइट नाय. दुपारून येती.” मी फोनवर हिशोब केला. लाइट आली तरी पैठणपुरती बॅटरी भरायला संध्याकाळ. गुरुजींनी बाराच्या आत घाटावर बोलावलं होतं. कलश भुईला टेकवायचा नव्हता आणि आईचे हात भरून आले होते. मग दाजींनी तो फडक्याच्या गाठीनं लिंबाच्या फांदीला टांगला. एक ट्रकवाला थांबला, हात जोडून पुढं गेला. आई झाडाखाली कलशाकडं बघत उभी राहिली. वाऱ्यानं कलश जरा हलला की तिचा हात वर जायचा.

आणि मी? मी गाडीभोवती फेऱ्या मारत भाषण करत होतो! आधी गाडी बनवणाऱ्यांवर. मग बॅटरीवर, मग बॅटरी कुठून येते त्यावर. “एका देशाच्या हातात सगळी खनिजं! सगळं जग ओलीस! वर आपली लाइट ही अशी! वीज कुठून येते याचा विचार कुणी करतो का?”

बोलता बोलता मी थबकलो. हे सगळं अण्णांचं होतं. त्यांचे मुद्दे, त्यांचा क्रम, हातसुद्धा तसाच हवेत. दाजी चहाचा ग्लास धरून माझ्याकडं बघतच राहिले होते.

“मिलिंदा,” आई झाडाखालून म्हणाली. “ते बटण मीच बंद केलं रे.”

“कुठलं?”

“अंगणातलं. तुझ्या गाडीचं. झोपायच्या आधी अण्णा घरभर फिरून बटणं बंद करायचे ना. फॅनची, टीव्हीची, बाहेरची. आता ते नाय, म्हणून मी करते. काल हिरवा दिवा दिसला. वाटलं, त्यांनी ठेवला असता का चालू?”

चाळीस वर्षं त्या घरातली सगळी बटणं अण्णांनी बंद केली होती, आणि त्या बाईला नवऱ्याचं एकच काम करता येण्यासारखं उरलं होतं. त्यात ती चुकली तर तिला काय म्हणायचं? मी म्हणालो, “बरं केलंस.” तेवढ्यात लांबून हॉर्न ऐकू आला.

ताई! खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, “मिल्या, गाडी बंद करणार नाय मी! परत चालू व्हायची नाय! चढा पटापटा!”

धूर सोडत, खडखडत अण्णांची गाडी आली आणि उभी राहून थरथरायला लागली. दाजींनी कलश उतरवून आईच्या हातात दिला. आई पुढं बसली, आयुष्यभर जिथं बसली तिथंच, आणि कलश मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, “बसा आता निवांत.” मागं डब्यांच्या आणि दर्भाच्या मधे मी आणि दाजी कोंबले गेलो. हॉटेलवाल्या काकांना म्हणालो, “गाडीवर जरा लक्ष ठेवा.”

“असू द्या,” काका म्हणाले. “चोरून नेईल कोण तिला? ढकलत?”

गाडीत पेट्रोलचा वास होता. अण्णांच्या सगळ्या शर्टांना तोच असायचा. मी काच खाली केली नाही.

वेळेत पोचलो. मुंडन झालं, अस्थी पाण्यात सोडल्या. कलश एवढा हलका होईल असं मला वाटलं नव्हतं. मग पिंड मांडले आणि सगळे बाजूला झाले. आमच्या घराण्यात कावळा लवकर शिवत नाही, असा लौकिक आहे. आजोबांच्या वेळी सगळ्या भावांनी हात जोडून आत्याचं लग्न कबूल केलं, विहिरीची वाटणी कबूल केली, तरी कावळा हलेना. शेवटी तंबाखूची चंची ठेवली तेव्हा आला. त्यामुळं मी पूर्ण तयारीत होतो. सगळा तह मनात लिहून ठेवला होता: अण्णा, कोळशाचं पटलं. तेल विकण्याचंही पटलं. गाडी तुमचीच भारी. मी हात जोडले, घसा साफ केला आणि...

कावळा आला, शिवला, गेलासुद्धा! गुरुजींचा हात अजून मागं आला नव्हता.

“समाधानी माणूस,” गुरुजी म्हणाले. “काहीच मागं राहिलं नाही त्यांचं.”

ताईनं डोळे पुसले. दाजी म्हणाले, “पेट्रोलच्या गाडीतून आले ना, म्हणून.” सगळ्यांना बरं वाटलं. मला इतका राग आला, की मी त्या घाटावर, ताज्या तुळतुळीत टकलासकट, लहान पोरासारखा रडायला लागलो. काहीच राहिलं नाही? माझं काहीच नाही? थोडा तरी वेळ लावायचा! आम्हाला तासभर उन्हात उभं करायचं! माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि हा माणूस खुशाल समाधानी होऊन निघून गेला.

आई जवळ आली. “कसलं उत्तर रे?”

मी सांगितलं. पेट्रोल संपलं तर काय कराल, म्हणून विचारलं होतं.

“ते व्हय,” आई म्हणाली. “त्या रविवारी फोन ठेवला अन् बटणं बंद करत फिरायलेते. तवाच बोलले मला. म्हणले, हुशार झालाय पोरगं, पण त्याला एवढं कळंना. त्याचं विमान काय बॅटरीवर येतंय का? पेट्रोल हाय तवर दिवाळीला घरी येईल. संपायची गोष्ट कशाला करतोय?”

इतकी वर्षं मी जागतिक राजकारण समजत होतो ते हे होतं. मी आईचा हात धरून पायरीवर बसलो. मग गाडीकडं गेलेली ताई वरून ओरडली, की गाडी अजून चालूच आहे आणि पेट्रोल संपत आलंय.

आता ओस्लोत परत आलो आहे. रविवारी फोन करतो. आईला चीन, अमेरिका यांत रस नाही. ती विचारते, केस आले का? फोन ठेवला की मला पुष्कळ वेळ उरतो. मुद्दे काढायचे नसले की आठवडा फार लांब असतो.

एक सवय मात्र लागली आहे. झोपायच्या आधी मी घरभर फिरून बटणं बंद करतो. दिव्यांची, टीव्हीची, बाहेरची. परवा सकाळी ऑफिसला जायला गाडीत बसलो, तर समोर कासव! बायको खिडकीतून ओरडली, “चार्जिंगचं बटण कुणी बंद केलं?”

“अण्णांनी!” मी म्हणालो, आणि बर्फातून बसस्टॉपकडं चालायला लागलो.