खंडेरावांचा मल्लखांब

विलासने मसुरीचे नाव काढले, तेव्हा खंडेरावांनी गाझियाबाद म्हटले.

"अहो, सुट्टीला लोक थंड हवेकडे जातात," हौसाबाई म्हणाल्या. "बंद पडलेल्या गिरणीकडे कोण जातं?"

"मी जातो. तू लेकाबरोबर मसुरीला जा."

"आणि तिथे तुमचा गुडघा कोण चोळणार?"

फौजेतून निवृत्त झाल्यावर खंडेरावांनी गाझियाबादच्या एका सूतगिरणीत पहारेकऱ्याची नोकरी केली होती. गिरणीच्या वसाहतीत त्यांनी स्वतः सागवानी मल्लखांब पुरला आणि कामगारांची मुलेमुली त्यावर खेळवली. शनिवार मारुतीचा वार. त्या दिवशी खेळ बंद ठेवून ते खांबाला एरंडेल चोळत. पुढे गिरणीला टाळे लागले, वसाहत उठली आणि ते नोएडाला विलासकडे राहायला आले. खांबाचे केव्हाच सरपण झाले असेल, असे विलास म्हणे. खंडेरावांचे मन मात्र मानत नव्हते. खांब उभा असेल, तर त्यावर पुन्हा पोरे चढलेली पाहायची, एवढी एकच आस त्यांना उरली होती.

रविवारी सकाळी दोघे तिथे पोहोचली. वसाहतीच्या जागी उंच इमारती झाल्या होत्या. मधल्या बागेत मात्र खांब उभा होता! अंगावर काळे वस्त्र, गळ्यात झेंडूची माळ, पायाशी विझलेल्या पणत्या, आणि कालच्या तेलाने सर्वांग चकाकत असलेले.

"अहो, तुमच्या खांबाचा देव झालाय," हौसाबाई पुटपुटल्या.

जवळच झाडलोट करणाऱ्या अंगूरीदेवींनी आपणहून माहिती पुरवली. "शनि महाराज का थान है। मशीन आई थी उखाड़ने, हम औरतें आगे लेट गईं। पहले एक मूँछोंवाले बाबा हर शनिवार तेल चढ़ाते थे। बड़े पहुँचे हुए थे!"

खंडेरावांचा हात नकळत मिशीवर गेला. हौसाबाईंना हसू आवरेना. "यही हैं आपके बाबा. घर में मैं इनसे लसूण सोलवून लेती हूँ."

खंडेरावांनी सगळे सांगितले: हा मल्लखांब आहे, पोरांनी चढावे म्हणूनच तो पुरला होता. अंगूरीदेवींचा चेहरा कठोर झाला. "देवता को पाँव लगवाओगे?"

एव्हाना माणसे जमली होती. खंडेरावांना वाटले, या बाईने आडवे पडून जे राखले, ते तिच्यापासून हिरावून कसे घ्यावे?

"माँजी," हौसाबाई पुढे झाल्या, "हनुमानजी के कंधे पर राम-लक्ष्मण बैठे थे. हनुमानजी को पाँव लगा, तो पाप हुआ क्या?"

अंगूरीदेवींनी खंडेरावांना पायांपासून मिशीपर्यंत न्याहाळले. मग म्हणाल्या, "ठीक है। ये चढ़ के दिखाएँ। गिरे, तो समझो महाराज की मर्ज़ी नहीं।"

हौसाबाईंचे तोंड उतरले. "राहू द्या हो. वय झालं आता."

खंडेरावांनी सदरा काढून हौसाबाईंच्या हाती दिला. अंगूरीदेवींनी स्वतः वस्त्र आणि माळ उतरवली. शेजारच्या ढाब्यावरून चुलीची राख आणून खंडेरावांनी तेल पुसून काढले, खांबाला हात जोडले, तो छातीशी कवटाळला आणि पाय वर फेकले. पहिल्या खेपेस पाय निसटले. गर्दीतून हाय निघाली. दुसऱ्या खेपेस गुडघा कळवळला, पण मांड्यांनी खांब ओळखला आणि पायांची अढी घट्ट बसली. डोके खाली, पाय आभाळाकडे! मग त्यांनी एक हात सोडला, दुसराही सोडला आणि तसेच उलटे लटकून सगळ्यांना नमस्कार केला.

टाळ्यांनी बाग दणाणली. "जय हो!" कोणीतरी ओरडले. हौसाबाई सदऱ्याने डोळे पुसत म्हणत होत्या, "आता उतरा! पुरे झाली शोभा!"

खंडेरावांना सगळे जग उलटे दिसत होते, आणि त्या उलट्या जगात आया आपल्या पोरांच्या चपला काढू लागल्या होत्या. ते खाली उतरतात न उतरतात, तोच अंगूरीदेवी गर्दी बाजूला सारत नातीला घेऊन पुढे आल्या.

"हटो सब। पहले हमारी चढ़ेगी।"