प्लॉटवरचा ट्रॅक

मैदानावर फक्की मारलेली दिसली की तो वास नाकात जातो आणि मला बाबांचा ट्रॅक आठवतो.

मी नववीत होते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर बाबांनी रिमोटच्या गाडीसाठी ट्रॅक केला होता. विटांची वळणं, मातीचा चढ, कडेनं फक्कीच्या रेघा. मी मैत्रिणींबरोबर सायकलवरून निघाले होते, तर बाबांनी हाक मारली, "छकुले, ये! पहिली फेरी तुझी!"

मैत्रिणी हसल्या. "बाबा, मी काय लहान आहे का आता?" म्हणत मी निघून गेले.

संध्याकाळी मुद्दाम उशिरा परतले. बाबा विटांवर बसले होते. म्हणाले, "राहू दे, बॅटरी संपली." मला सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याभरात बाबा अचानक गेले. नंतर आईनं सांगितलं, ट्रॅक केला त्या दिवशी त्यांनी गाडी एकदाही चालवली नव्हती.