तुमच्या पार्टनरचं कसं चाललंय?

सर्व नागरिकांना, विशेषतः ज्यांची मुलं हॉस्टेलात राहून इंजिनिअर होत आहेत त्यांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं हा दुर्गुण नसून ती एक विद्या आहे, आणि या विद्येचे शेवटचे थोर पंडित आपल्या छत्रपती संभाजीनगरात हयात आहेत. ते माझे साडू. हे मी अभिमानानं सांगतो की नाइलाजानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

पोटापाण्यासाठी साडू एका कॉलेजात गणित शिकवतात, पण गणित हे निमित्त. छावणीच्या बाजारात मेथी आणायला गेले की मेथी विसरतात आणि भाजीवालीची थोरली सून माहेरी का गेली ते घेऊन येतात. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला त्याच्याबद्दल कधी विचारणार नाहीत. "तुमच्या स्टँडवरच्या बाकीच्यांचं काय चाललंय?" असं विचारतात, आणि उतरेपर्यंत त्याच्या स्वतःच्या घरातलं सगळं बाहेर आलेलं असतं. त्यांचं तत्त्वच आहे. "माणसाला त्याचं स्वतःचं विचारायचं नसतंय हो. 'बरंय' म्हणून मोकळा होतो गडी. शेजाऱ्याचं विचारा, मग बघा." निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्याकडं ते फिरकत नाहीत. गुलमंडीवरून इमरती बांधून घेतात आणि नापास झालेल्याचं घर शोधत जातात. एका बापानं दारातच अडवलं, "सर, पोरगं तीन विषयांत उडालंय, अन् तुम्ही गोड कशाचं आणलं?" साडू म्हणाले, "दोनात सुटलंय की! ते कोण साजरं करणार?" आणि त्या बापाच्याच तोंडात इमरती कोंबली. अशा माणसाला वरिष्ठ वचकून असतात. कॉलेजात कुणी मोठा माणूस आला की सगळे उभे राहतात. साडू उभे असले तर बसतात.

तर मुलं परीक्षेच्या धास्तीनं सुकत चालली म्हणून त्यांचा ताण हलका करणारं एक ॲप काढायचं कॉलेजच्या मनात आलं, आणि ते काम साडूंच्या गळ्यात पडलं. त्या बैठकीत जागे तेवढे तेच होते. कॉम्प्युटरच्या मुलांना हाताशी धरून त्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्यानं पहिलं ॲप बनवलं. निळा पडदा, मधोमध कमळ, मागं बासरी, आणि प्रश्न, 'आज तुमचा ताण एक ते दहामध्ये किती?' अख्ख्या हॉस्टेलनं उत्तर दिलं, दोन. फर्दापूरकडचा एक मुलगा होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. तो आदल्याच आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडला होता. त्याचंही उत्तर दोन! साडूंनी त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"दोन? खरंच?"

"व्हय सर. ताण कशाचा? बरंय की."

"अन् तुझ्या खोलीतल्या पार्टनरचं कसं चाललंय?"

इथं पोरगं जे बोलायला लागलं ते थांबेना. "त्याचं लई अवघडंय सर. जेवत नाय. पुस्तक उघडलं की रातभर एकच पान बघत बसतंय. घरून फोन आला की 'मस्त चाललंय' म्हणतंय."

साडू तिथून उठले ते थेट कॉम्प्युटर विभागात. कमळ गेलं, बासरी गेली. ॲपमध्ये उरले दोन प्रश्न. 'तुमच्या पार्टनरचं कसं चाललंय?' आणि 'मग तुम्ही त्याला काय सांगाल?' नाव नाही, गाव नाही. गंमत अशी, की दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल तेच सकाळी तुमच्याच फोनवर येतं. एकानं लिहिलं, 'अरे मियाँ, पेपरच है, कयामत नहीं. पहले खाना खा.' सकाळी तो डोळे चोळत साडूंकडं आला, "सर, ये कौन मेरे कू इतने प्यार से डाँट रा?" मीही गुपचूप ते वापरून पाहिलं. पार्टनरच्या जागी साडूंची तक्रार केली आणि सल्ला दिला, 'अहो, या वयात जरा स्वस्थ बसा.' सकाळी माझ्याच फोननं मला स्वस्थ बसायला सांगितलं. बायकोनं ते मोठ्यानं दोनदा वाचलं.

मुलं भडाभडा लिहू लागली, आणि तेव्हाच संस्थेच्या सचिवांनी अट घातली. कोण काय लिहितं त्याची नावं कार्यालयात आली पाहिजेत, आणि ज्याचं बरं नाही त्याच्या घरी फोन गेला पाहिजे. नाहीतर ॲप बंद. साडू म्हणाले, "नावं मागा, उद्या अख्खं हॉस्टेल परत दोनवर येतंय का नाय बघा." सचिव म्हणाले, "तुमच्या विभागप्रमुखाच्या खुर्चीचा तरी विचार करा." साडू म्हणाले, "तिचा काय विचार करायचा? लाकडी हाय." घरी माझी मेहुणी काकुळतीला आली, "अहो, निवृत्ती जवळ आली, द्या की नावं!" साडूंनी ताटावरून मान वर केली नाही. "घरी फोन गेला की बाप येतोय. बाप आला की पोरगं बॅग भरतंय. शिक्षण तिथंच संपलं. नाय द्यायची."

शेवटी सगळ्या मुलांना सभागृहात बोलावलं. तमाशा चुकवणं माझ्या रक्तात नाही, म्हणून मीही मागच्या रांगेत जाऊन बसलो. आधीच सांगून टाकतो, त्या दिवसानंतर नावांचा विषय सचिवांनी परत काढला नाही. ॲप आजही चालू आहे. खुर्ची मात्र गेली. साडू आता स्टाफरूमच्या कोपऱ्यात, खिडकीशी बसतात. माझ्याकडं आले की हल्ली बशीतला चहा निवू देतात, आणि मग हळूच विचारतात, "काय हो, तुमच्या साडूचं कसं चाललंय?" मी म्हणतो, "लई ताठ माणूस. पण बरे आहेत." ते मान हलवतात आणि निवलेला चहा पिऊन टाकतात.

तर सभागृहात सचिव मुलांना म्हणाले, "ज्यांच्या पार्टनरला त्रास आहे त्यांनी इथंच उभं राहून त्याचं नाव सांगा. त्याच्या भल्यासाठीच विचारतोय." अख्खं हॉस्टेल आपापल्या चपलांकडं बघायला लागलं. मग सचिवांचं बोट तिसऱ्या रांगेकडं वळलं. "तू चक्कर येऊन पडला होतास ना? ऊठ. तुझा पार्टनर कोण?" फर्दापूरकडचा तो मुलगा उठला. साडू व्यासपीठावरून ओरडले, "खाली बस रे! काही सांगायची गरज नाय!" तो बसला नाही. एकदा सचिवांकडं बघितलं, एकदा साडूंकडं, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलून गेला,

"सर, मला पार्टनरच नाय! खोलीत मी एकटाच ऱ्हातो!"