डाव्या पायाखालचा साग

देवजीमामा माणसाला उभं करून कधी मोजत नसे. किन्हवलीत नांगरापासून पाळण्यापर्यंत सगळं तोच करायचा, पण कुणी बसायचं काही मागायला आलं की आधी म्हणायचा, "बस. कसा बसतोस ते बघू दे." आईचा मामेभाऊ, म्हणून माझा मामा. जवळचा असला तरी खरं तेच सांगते: लाकूड त्याला नखाने टोकरून कळायचं, माणूस मात्र अंगावर कोसळला तरी कळला नाही.

सदतीस साली शहापूरकडून येणाऱ्या सडकेच्या कामावर आगुस्तीन रिबेलो नावाचा ओवरसियर आला. वसईचा ख्रिस्ती, बोलायला गोड. मामाच्या पडवीलगतची खोली त्याने भाड्याने घेतली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक खुर्ची, एक लोखंडी खाट आणि एक गितार. संध्याकाळी खुर्चीत बसून तो डावा पाय कशावर तरी उंच ठेवी आणि त्या मांडीवर गितार घेऊन नुसत्या बोटांनी वाजवी. पाय उंच नसला की गितार घसरते, मग खांदा उचलून तिला धरून ठेवावं लागतं आणि पाठ भरून येते. पहिल्याच दिवशी त्याने घरातली पायली पालथी घालून तिच्यावर पाय दिला. बाळीमामी धावतच आली.

"अवो भावजी, धान्याच्या मापावर पाय? लक्ष्मी हाय ती!"

रिबेलोने दोन्ही कान धरले. त्या दिवसापासून तो तिला वहिनी म्हणू लागला आणि दोन्ही वेळा मामाकडेच जेवू लागला. गावाला हे पचलं नाही. सुतारीण किरिस्तावाला वाढते म्हणून विहिरीवर मामीला टोमणे खावे लागले. मामाने एवढंच विचारलं, "दारातल्या मान्साला उपाशी ठेवायचा का?" तिथे विषय संपला.

मामाला मात्र त्या पायाने झपाटलं. त्याने आधी एक खोकं केलं. त्यावर पाय ठेवला तर गुडघा एवढा वर आला की गितार हनुवटीला लागायची. दुसरं केलं ते फार बुटकं झालं. तिसऱ्याची उंची बरोबर होती, पण फळी सपाट, त्यामुळे रिबेलोचा घोटा अवघडायचा. मामीने मांडीवर ठेवायला चिंध्यांची उशी शिवून दिली, तर आवाज कोंदतो म्हणून त्याने ती झोपताना डोक्याखाली घेतली. शेवटी मामा चार दिवस नुसता त्याच्या समोर बसून पाय बघत राहिला. मग त्याने टाचेकडे चार बोटं आणि चवड्याकडे वीतभर अशी उतरती फळी केली, आणि खाली खाचा ठेवल्या, म्हणजे हवी तशी चढवता-उतरवता येईल. रिबेलो म्हणाला, मुंबईतही असं मिळत नाही. पण फळी आंब्याची होती. पावसाळ्यात ती फुगली, खाचा अडकल्या आणि पायाखाली सगळं डुगडुगायला लागलं.

"साग आसता तर हाललं नसतं," मामा बोलून गेला.

"मग सागाचंच कर ना."

साग होता. मामाच्याच बांधावरच्या सागाची जाड फांदी वाऱ्याने मोडून पडली होती. पण बांध आपला, माती आपली, साग तेवढा सरकारचा. परवान्याशिवाय फांदी उचलली तरी खटला आणि हत्यारं जप्त. सुताराची हत्यारं गेली की बलुतं गेलं. गाव दुसरा सुतार बघणारच. मामी म्हणाली, "नको वो, इषाची परीक्षा कशाला?"

"वहिनी, मी आहे ना," रिबेलो म्हणाला. "कुणी विचारलं तर सांगेन, मीच करायला लावलं."

त्या शब्दावर मामाने फांदी उचलली. आठ दिवस खपून फळी केली. मजुरी घेतली नाही, कारण आपल्या ताटावर जेवणाऱ्याकडून मजुरी घ्यायची नाही ही घरची रीत. त्या संध्याकाळी रिबेलो तासभर वाजवत बसला आणि पाठीला हात न लावता उठला. मामा डोळे मिटून ऐकत होता. गाणं नव्हे, खाचा करकरतात का ते.

दिवाळीनंतर जंगल खात्याचा एक अधिकारी रिबेलोकडे चहाला आला. गितार ऐकता ऐकता त्याचं लक्ष खाली पायाकडे गेलं. तिसऱ्या दिवशी दोन गार्ड मामाच्या दारात उभे. वाकस, रंधा, करवत, पटाशा, सगळं एका गोणत्यात भरलं. वाकस तर आजोबांच्या हातचा. मामीने रिबेलोच्या खोलीचं दार ठोठावलं. आतून कडी होती, आणि ती निघाली नाही. महिना भरायच्या आत त्याने सडकेच्या कामावर तंबू ठोकला आणि खोली सोडली.

तरीही मामाचा विश्वास हलला नाही. शहापूरला कोर्टाच्या तारखेला निघताना तो मामीला म्हणाला, "घोर करू नको गो. सायेब खरं बोलंल."

रिबेलो कोट घालून आला होता. म्हणाला, सुताराने फळी विकली, लाकूड कसलं ते मला कळत नाही. तुमचा यांच्याशी घरोबा होता का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "नाही. मी नुसता भाडेकरू होतो. यांच्या घरी मी कधी जेवलोही नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी मामा मला म्हणाला, "साग उचलला ते खरं व्हतं, पोरी. त्याची नोकरी जाईल म्हनून भ्याला आसंल, तेबी समजलं. पन जेवलो नाय, आसं बोलला?" मला अजूनही त्या माणसाचं नाव काढलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मामी तर उघड शिव्या द्यायची. मामाने कधी एकही दिली नाही, याचाच मला जास्त राग येतो.

हत्यारं परत मिळाली नाहीत. गावाने मुरबाडकडचा सुतार आणून बसवला आणि सुगीला बलुतं त्याच्या अंगणात पडलं. उन्हाळ्यात सडकेवर खडी फोडायला माणसं हवी होती. मामाचा नाइलाज होता, तो गेला. टेबलाशी बसून रिबेलोच हजेरी लिहीत होता. रांगेतला मामा त्याला लांबूनच दिसला होता. मामाची पाळी आली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"नाव?"

मामा म्हणाला, "देवजी राघो सुतार. किन्हवली."

"सुतार नको. इथे काम लिहितात," रिबेलो म्हणाला, आणि त्याने लिहिलं: देवजी राघो, खडी.

बाजूच्या ढिगातून मामाला एक हातोडा मिळाला. तो सडकेचा होता, सुट्टी झाली की परत द्यायचा होता.