अंगणातलं डिझेल

पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून आमच्याकडे आधीच ड्रममध्ये डिझेल भरून ठेवतात. मीही ठेवलं होतं. रस्ता उघडल्यावर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तेच टाकीत ओतून आम्ही जुन्या पिकअपने चंद्रपूरला निघालो. गाडी खोकत, गचके देत चालली. एका चढावर बायको वैतागून उतरली आणि पायी आमच्या पुढे निघून गेली. मी दोनदा बॉनेट उघडून पंपाला शिव्या दिल्या.

आलापल्लीच्या मिस्त्रीने फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून खाली बाटली धरली. तळाला पाणी साचलं, वर डिझेल तरंगत राहिलं.

“भाऊ, ड्रम कुठी ठेवला होता?”

“अंगणात. वर पोतं टाकलं होतं.”

“पोत्यानं पाणी अडते का?”

टाकी धुऊन नवं डिझेल भरेस्तोवर दुपार टळली. दवाखान्यात फोन केला, तर आता उद्या या म्हणाले. आईला पोत्यासकट सगळं सांगितलं.

“जाऊ उद्या,” ती म्हणाली. “पण दवाखान्यात चिठ्ठी दोघायची काढजो. तुह्ये डोळेही दाखवून घेऊ.”